समुद्र जवळ, वाट लांब

मुंबईच्या किनारी रस्त्यालगतचे विहार क्षेत्र ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, लोकांसाठी खुले झाले. साडेसात किलोमीटरच्या नियोजित पट्ट्यापैकी सुमारे सव्वापाच किलोमीटरचा भाग तेव्हा वापरात आला: प्रियदर्शिनी उद्यानापासून हाजी अलीपर्यंत आणि पुढे बडोदा पॅलेसपासून वरळीपर्यंत. समुद्राला लागून चालायला एवढी सलग जागा मरीन ड्राइव्हनंतर या शहराला प्रथमच मिळाली. त्याचे कौतुक व्हायला हवे होते आणि ते झालेही. मात्र या विहार क्षेत्राविषयीची चर्चा पाहिली तर ती लांबी, क्षेत्रफळ आणि खर्च या तीन आकड्यांभोवतीच फिरत राहिली. आजी, आई-वडील आणि दोन मुले असे एखादे कुटुंब घरातून निघून तिथे पोहोचते कसे, तिथे दोन-तीन तास काढते कसे आणि परतते कसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वास्तविक बागेचे यशापयश याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत असते.

प्रथम आकड्यांचा विचार करू. किनारी रस्त्यासाठी समुद्रात १११ हेक्टरचा भराव घालण्यात आला. त्यातील सुमारे ७० हेक्टर जागा बागा, पदपथ, सायकल मार्ग आणि खेळाची मैदाने यांसाठी राखली गेली आहे. ७० हेक्टर ऐकायला पुष्कळ वाटतात. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या संख्येने भागले तर माणशी वाट्याला येते जेमतेम ५६० चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे टंकलेखनाच्या कागदाच्या एका पानापेक्षाही थोडी कमी. शहरात माणशी मोकळी जागा एक ते सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत सांगितले जाते, आणि केंद्र सरकारची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा ठेवतात. तेव्हा किनारी रस्त्यावरील बागांनी मुंबईची मोकळ्या जागेची भूक भागेल, हा दावा गणिताच्या पहिल्याच पायरीवर अडखळतो. ही भर थोडी आहे. म्हणूनच ती सर्वांना सहज पोहोचता येईल अशी असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

मुंबईतील मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यात समुद्रकाठच्या रविवारला एक जुने स्थान आहे. परळ-लालबागच्या चाळींतून चौपाटीवर चालत जाणारी कुटुंबे, कमला नेहरू पार्कमधली म्हातारीच्या बुटाची प्रतिकृती, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, वाळूत बसून खाल्लेली भेळ, परतताना खांद्यावर झोपलेले मूल. हे सारे दोन-तीन पिढ्यांनी अनुभवलेले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे राहत असताना चौपाटी हीच त्या घराची ओसरी होती. आज चाळींच्या जागी मनोरे आले. चाळीतली बरीच माणसे डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेली. घर किंचित मोठे झाले, पण समुद्र चाळीस-पन्नास किलोमीटर दूर गेला. मुंबईतील समुद्रकाठच्या बागेकडे आता या दूर गेलेल्या कुटुंबाच्या नजरेतून पाहायला हवे. चालत येऊ शकणाऱ्या नेपियन सी रोडच्या रहिवाशाला कोणतीही बाग सोयीची असते.

अशा कुटुंबाचा रविवार कसा असतो? सुटीचा दिवस एकच आणि नेमका त्याच दिवशी देखभालीसाठी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. तो टाळून दुपारी चारच्या सुमारास निघायचे, दादरला गाडी बदलायची आणि चर्नी रोडला उतरायचे. मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटीचे खरे वैभव या ठिकाणी आहे. चर्नी रोड स्थानक जवळजवळ समुद्राच्या दारात उभे आहे. स्थानकातून पुलावरून उतरले की पाच-सात मिनिटांत पायाला वाळू लागते. पलीकडे मरीन लाइन्स आणि चर्चगेट ही स्थानकेही तितकीच जवळ आहेत. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तो त्यांच्या वास्तुकलेसाठी. पण त्या कठड्यावर गेली ऐंशी-नव्वद वर्षे लाखो लोक येऊन बसतात याचे कारण स्थापत्यापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावे लागेल. रस्ता ओलांडायला एक सिग्नल, बसायला रुंद कठडा, तिकीट नाही आणि फाटक नाही. ही जागा मुद्दाम बाग म्हणून आखलेली नाही, तरीही ती मुंबईची सर्वांत यशस्वी बाग ठरली.

याच्याशी किनारी रस्त्याची तुलना करावी. हा रस्ता आठ पदरी आहे. मरीन ड्राइव्हच्या टोकापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत त्याची लांबी १०.५८ किलोमीटर असून त्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. विहार क्षेत्र या आठ पदरांच्या पलीकडे, समुद्राच्या कडेला आहे. शहर आणि पाणी यांच्यामध्ये वेगाने धावणाऱ्या मोटारींचा अखंड ओघ असल्यामुळे तिथे पोहोचण्याचा मार्ग भुयारी पादचारी मार्गांतूनच जातो. म्हणजे समुद्र डोळ्यांना दिसतो, पण जिथून दिसतो तिथून त्याच्याकडे जाता येत नाही. आधी भुयाराचे तोंड शोधावे लागते. तरुण माणसाला हे अंतर काहीच नाही. गुडघेदुखीने बेजार झालेल्या सत्तर वर्षांच्या आजीला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला ते पुरते थकवते. बागेत पोहोचण्याआधीच तिची बागेतली शक्ती संपलेली असते.

आणि भुयाराच्या अलीकडच्या तोंडापर्यंत तरी यायचे कसे? महालक्ष्मी स्थानकापासून हाजी अली किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे. वरळीचा समुद्रकिनारा लोअर परळ वा प्रभादेवी स्थानकापासून त्याहूनही दूर पडतो. रेल्वेतून उतरल्यावर बस किंवा टॅक्सी घेणे भाग आहे. बेस्टने मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये आणि वातानुकूलित गाडीचे सहावरून बारा रुपये केले. पाच पूर्ण तिकिटे धरली तर जाऊन-येऊन पन्नास रुपयांचा खर्च शंभरावर गेला. रक्कम मोठी नाही, असे म्हणणाऱ्याने त्यात लोकलचे तिकीट, पाण्याची बाटली आणि मुलांच्या हट्टाचे आइस्क्रीम मिळवून पाहावे. शिवाय बस वेळेवर आली पाहिजे. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्यांची संख्या एके काळी हजारांत होती, ती आता शेकड्यांवर आली आहे. कंत्राटदारांच्या गाड्यांनी ती उणीव पूर्णपणे भरून काढलेली नाही, हे थांब्यावर उभ्या असलेल्या कोणालाही सांगता येईल. टॅक्सीचा पर्याय पाच जणांच्या कुटुंबापुढे तसाही निकालात निघतो, कारण टॅक्सीत चारच बसतात.

स्वतःचे वाहन असेल तर? मुंबई आणि परिसरातील सामान्य कुटुंबाचे वाहन म्हणजे दुचाकी. किनारी रस्त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही. त्यामागे सुरक्षिततेची कारणे दिली जातात, आणि बोगद्यातून जाणाऱ्या वेगवान रस्त्याच्या बाबतीत ती पूर्णपणे फेटाळता येणार नाहीत. परंतु परिणाम काय झाला ते पाहणे आवश्यक आहे. ज्या रस्त्याच्या कडेला शहरातील सर्वांत मोठी नवी बाग आहे, त्या रस्त्यावरून मोटार असलेला माणूस येऊ शकतो. दुचाकीवाल्याला जुन्याच गर्दीच्या रस्त्याने यावे लागते. प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेची तरतूद होती आणि पर्यावरणविषयक परवानग्या मिळवताना या मार्गिकेचा मोठा आधार घेतला गेला. ही मार्गिका प्रत्यक्षात आणून तिच्यावर शनिवार-रविवारी दर दहा मिनिटांनी चर्चगेट किंवा महालक्ष्मीहून थेट विहार क्षेत्राच्या दारात सोडणारी बस चालवणे, हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी नवा भराव लागत नाही आणि नवा पूलही लागत नाही. भूमिगत वाहनतळांच्या योजनेवर जेवढा विचार झाला, त्याच्या चौथाई विचार बसथांब्यांवर झाला असता तरी चित्र निराळे दिसले असते.

एक आशादायक गोष्ट भुयारी मेट्रोमुळे घडली आहे. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राजवळील स्थानकापासून रेसकोर्समार्गे किनारी रस्त्यापर्यंत पादचाऱ्यांसाठी भुयारी जोडमार्ग बांधण्याचा प्रस्तावही पुढे आला आहे. तो झाला तर अंधेरी-मरोळच्या कुटुंबाला एकदाही रस्ता न ओलांडता समुद्रापर्यंत येता येईल. मात्र या जोडमार्गाची लांबी किलोमीटरभर आहे. त्यात सरकते पट्टे, बसायच्या जागा आणि मध्येच बाहेर पडायच्या वाटा नसतील तर तो कागदावर जोडमार्ग आणि प्रत्यक्षात आजीसाठी आणखी एक किलोमीटर ठरेल.

पोहोचणे हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे थांबणे. महापालिकेच्या उद्यानखात्याला, आणि बागांचे आराखडे काढणाऱ्यांनाही, माणसे बागेत चालायला येतात असे मनापासून वाटते. म्हणून चालण्याचे मार्ग आखीवरेखीव असतात, त्यांच्या लांबीचे फलक लागतात आणि सकाळी फेरी मारणाऱ्या मंडळींच्या सूचना अगत्याने ऐकल्या जातात. कुटुंब मात्र बागेत चालायला येत नाही, ते बसायला येते. एकाने सतरंजी पसरायची, दुसऱ्याने डबा उघडायचा, मुलांनी नजरेच्या टप्प्यात राहून पळायचे आणि म्हाताऱ्या माणसाने सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या, हा तो कार्यक्रम असतो. त्याला लागते सावली, पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह. सुशोभीकरण या शब्दात यांपैकी एकही गोष्ट येत नाही. शोभेचे ताड समुद्राच्या वाऱ्यात डौलदार दिसतात, पण त्यांच्या सावलीत एक माणूसही नीट बसू शकत नाही. खारे वारे सहन करणारी करंज, भेंडी, उंडी यांसारखी आपल्या किनाऱ्याची झाडे सावलीही देतात. भरावाच्या जमिनीत ती वाढायला वेळ घेतात हे खरे. म्हणूनच ती पहिल्याच पावसाळ्यात लावायची असतात.

स्वच्छतागृहाचा प्रश्न तर बाईच्या दृष्टीने बागेत जायचे की नाही हेच ठरवतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांनी जी चळवळ चालवली, तिने ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत आणली: घराबाहेर पडणाऱ्या असंख्य स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात. सव्वापाच किलोमीटरच्या पट्ट्यात मुलाला ‘लागली’ असे म्हटल्यावर आईने किती चालायचे? दर अर्ध्या किलोमीटरला एक, अशा साध्या हिशेबाने स्वच्छतागृहे असली आणि ती रात्री दहापर्यंत उजेडात, पाण्यासह चालू राहिली, तर विहार क्षेत्रातील बायकांची संख्या आपोआप वाढेल. त्यासाठी महिला सुरक्षेची वेगळी मोहीम लागणार नाही. जिथे बायका-मुले बसलेली असतात ती जागा सुरक्षित असते, हे कोणत्याही चौकीदारापेक्षा कोणत्याही चौपाटीला अधिक ठाऊक आहे.

खाण्याचेही तसेच. फेरीवाले नकोत ही भूमिका समजण्याजोगी आहे. वरळी आणि मलबार हिलच्या रहिवाशांचा त्यांना विरोध आहे आणि कचऱ्याची भीती खोटी नाही. तथापि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाला हा शहराचा घटक मानला आहे. गिरगाव चौपाटीवर भेळवाल्यांना जागा नेमून देऊन व्यवस्था लावता येते हे दिसलेले आहे. नाही तर अशा जागी लवकरच काचेचे उपाहारगृह येते, तिथे चहाचा पेला दीडशे रुपयांना मिळतो आणि सतरंजीवर डबा खाणाऱ्यांकडे रखवालदार संशयाने पाहू लागतो. हा बदल कोणी आदेश काढून करत नाही; तो आपोआप होतो, आणि कुटुंबाला तो बरोबर कळतो. पुन्हा तिकडे कोणी फिरकत नाही.

या संदर्भात ‘आपोआप’ होणाऱ्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. भरावावरील बागांची उभारणी आणि देखभाल खासगी उद्योगसमूहाच्या सामाजिक निधीतून करून घेण्याचा मार्ग महापालिकेने स्वीकारला आहे. महापालिकेचे पैसे वाचतील, बागा चांगल्या राहतील, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण मुंबईला मोकळ्या जागा दत्तक देण्याचा अनुभव आहे आणि तो सुखावह नाही. दत्तक दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, सदस्यत्वाचे शुल्क आले आणि सामान्य नागरिक फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झालेले धोरण लोकांच्या संतापामुळे थांबवावे लागले आणि भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, त्यालाही नागरिकांनी विरोध केला. या साऱ्याचा अर्थ खासगी पैसा नकोच असा नाही. वांद्र्याच्या कार्टर रोड आणि बँडस्टँड येथील समुद्रकाठ पंचवीस वर्षांपूर्वी रहिवाशांच्या पुढाकाराने आणि वास्तुविशारद पी. के. दास यांच्या आराखड्यानुसार सुधारला गेला, आणि तिथे आजही कोणीही येऊन बसू शकतो. फरक कराराच्या कलमांत असतो. प्रवेश कायम विनामूल्य राहील काय, एखाद्या संध्याकाळी खासगी समारंभासाठी जागा बंद करता येईल काय, पाटी कोणाची लागेल, डबा खाण्यास मनाई करण्याचा अधिकार कोणाला, हे सारे करारात लिहिलेले असते. म्हणून असा करार जसाच्या तसा, मराठीत, लोकांसमोर ठेवला गेला पाहिजे.

न्यायालयाने आपले काम केले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये या प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची परवानगी रद्द केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन कामाची वाट मोकळी केली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये भरावावर बागा, विहार क्षेत्र इत्यादी कामांना मुभा देताना, या जमिनीचा निवासी अथवा व्यापारी उपयोग आता किंवा भविष्यात होता कामा नये, ही अट न्यायालयाने घातली. ही अट मोलाची आहे. परंतु बाग बिल्डरच्या हातून वाचवणे आणि ती सर्वांसाठी खुली ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली न्यायालय करू शकते. दुसरी रोज करावी लागते आणि ती करण्याची जबाबदारी नगरसेवकांची असते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिका प्रशासकाच्या हाती होती. किनारी रस्त्यावरील बागा, रेसकोर्सचा निर्णय आणि देखभालीची व्यवस्था यांविषयीचे महत्त्वाचे निर्णय याच काळात, सभागृहातील चर्चेविना झाले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा अस्तित्वात आले असल्याने हे निर्णय तपासून पाहण्याची संधी आता आहे.

मुंबईचा अनुभव जगावेगळा नाही. अमेरिकेतील शिकागो शहराने १८३६ मध्येच मिशिगन सरोवराकाठची जमीन कायम मोकळी राहावी असे नकाशावर लिहून ठेवले होते. तरीही तिथे इमारती उभ्या करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८९० पासून दोन दशके न्यायालयात झुंज देऊन ती जमीन वाचवली. आज तिथे सुमारे २९ किलोमीटरचा सलग सरोवरकाठ सर्वांना खुला आहे. मात्र शहर आणि सरोवर यांच्यामध्ये लेक शोर ड्राइव्ह हा वेगवान रस्ता आला, आणि सरोवराकडे जाणाऱ्या कुटुंबाला आजही ठरावीक पुलांवरून आणि भुयारांतून जावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोत याउलट घडले. तिथल्या बंदरकाठचा दुमजली एम्बार्काडेरो रस्ता १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला. तो दुरुस्त करण्याऐवजी १९९१ मध्ये पाडून टाकण्यात आला आणि लोकांना पाण्याकडे जाणारी वाट सपाट जमिनीवरून परत मिळाली. आपला नवाकोरा रस्ता पाडा, असे कोणी म्हणणार नाही. पण किनारी रस्त्याच्या वर्सोवा ते भाईंदर या उत्तरेकडील टप्प्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. हजारो खारफुटीच्या मोबदल्यात तो होणार आहे. त्याच्या कडेलाही उद्या विहार क्षेत्रे दाखवली जातील. तेव्हा ती कोणत्या स्थानकापासून किती पावलांवर आहेत, हे आताच विचारून घेतलेले बरे.

किनारी रस्त्याला जोडून महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. भरावावरील सुमारे १७५ एकरांशी ती जोडली की तीनशे एकरांच्या आसपासचे ‘सेंट्रल पार्क’ होईल, असे सांगितले जाते. आपल्याकडे मोठ्या उद्यानाला परदेशी नाव दिल्याखेरीज ते मोठे वाटत नाही, हे सोडून देऊ. मात्र मोठेपणाची ही ओढ तपासून पाहायला हवी. २०२२ मध्ये दादरला चैत्यभूमीजवळ माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा आणि गिरगाव चौपाटीवर आणखी एक, असे दोन व्ह्यूइंग डेक पर्जन्यजल वाहिन्यांच्या पातमुखांवर बांधण्यात आले. गटाराच्या तोंडावरची ही जागा क्षेत्रफळाच्या हिशेबात कुठेच मोजली जाणार नाही. पण दादरच्या डेकवर संध्याकाळी उभे राहायला जागा मिळत नाही, कारण मागे दादरची वस्ती आहे, बसथांबा आहे आणि चालत येता येते. गिरगाव चौपाटीवर १९९९ मध्ये झालेले नाना-नानी पार्कही असेच लहानसे. ते ज्यांच्यासाठी होते त्यांना ते नेमके सापडले.

आणि मग प्रश्न उरतो पूर्व किनाऱ्याचा. मुंबईला दोन समुद्रकाठ आहेत, याचा शहराला जवळजवळ विसर पडला आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा पूर्वेचा किनारा बंदराच्या ताब्यात असून तिथे सुमारे अठराशे एकर जमीन बंदर प्राधिकरणाकडे आहे. बंदराचा बराच कारभार न्हावा-शेव्याला गेल्यावर यातील पुष्कळ गोदामे ओस पडली. ही जमीन लोकांसाठी कशी वापरावी याविषयी राणी जाधव समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. २०१८ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात बागा आणि किनाऱ्यावरील मोकळ्या जागा दाखवल्या होत्या. त्यानंतर या विषयावर शांतता आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू झाला. त्यावरही दुचाकीला मज्जाव आहे.

गंमत अशी की पश्चिमेला जी अडचण आहे ती इथे मुळातच नाही. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही हार्बर मार्गाची चार स्थानके एकापाठोपाठ एक किनाऱ्याला समांतर उभी आहेत. मागे माझगाव, शिवडी, वडाळा ही दाट वस्तीची, कामगारांची, मोकळ्या जागांना वंचित अशी उपनगरे नव्हेत तर खुद्द जुनी मुंबई आहे. मानखुर्द-गोवंडीचे कुटुंब एकाच गाडीने, गाडी न बदलता, इथे पोहोचू शकते. आठ पदरी रस्ता ओलांडायचा नाही, भराव घालायचा नाही, कोळ्यांच्या जाळ्यांवर गदा आणायची नाही. पश्चिमेला वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्यांसाठी पुलाच्या खांबांमधले अंतर वाढवून घ्यायला दीर्घ आंदोलन करावे लागले होते, हे विसरण्याजोगे नाही. शिवडीच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला येणारी कुटुंबे मालमोटारींच्या रांगांमधून, धूळ खात, मुलांचे हात घट्ट धरून जुन्या धक्क्यापर्यंत चालत जातात. तिथे सावली नाही, बाक नाही, स्वच्छतागृह नाही. तरी लोक येतात. स्थानकापासून त्या धक्क्यापर्यंत एक नीट पदपथ, दिवे, चार झाडे आणि स्वच्छतागृहांची एक जोडी एवढे करायला किनारी रस्त्याच्या खर्चाचा किती अंश लागेल, याचा हिशेब महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी कोणी नगरसेवकाने सभागृहात मागावा. जमीन बंदराची, पदपथ महापालिकेचा आणि स्थानक रेल्वेचे असल्याने या तिघांची एकत्र बैठक मात्र आधी बोलवावी लागेल.